जोडाची रेघ

ओगबोमोशो
१५ ऑक्टोबर १९७८

प्रिय अशाबी,

तुझा पहिला रोल पोचला. टपालात पाकिटावर कुणीतरी बसलं असावं, पण आतली डबी शाबूत होती. आज सकाळी काका चर्चला गेल्यावर मी डार्करूमचं दार लावलं आणि एकट्यानं धुतला.

बसस्टँडवर काकांचा हा जुना कॅमेरा तुझ्या हातात देताना मी काय म्हणालो होतो, आठवतं? फिल्म तू पाठवायची, धुवायची मी. म्हणजे तू जे बघितलंस ते तुझ्याआधी मला दिसणार. तू हसली होतीस. कॉलेज संपल्यावरच्या सक्तीच्या देशसेवेच्या वर्षासाठी सरकारनं तुला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, नुमानला, मास्तरीण म्हणून धाडलं, ते काही मला विचारून नाही. मग एवढा तरी हक्क मला हवाच.

न्हाव्याची पाटी झकास आलीय. सहा तऱ्हांचे केस, पण रंगवणाऱ्यानं चेहरा एकाचाच काढलाय, आणि सहाही तिरळे. सायकलवर पातेल्यांचा मनोरा, खाली सायकलवाला आहे की नाही तेच कळत नाही. वारुळावर कुणीतरी फाटकी टोपी ठेवलीय, वारूळ म्हाताऱ्यासारखं दिसतं. नावेतली गाय तर अशी उभी आहे की जणू तिनंच नाव भाड्यानं घेतलीय.

हे सगळं ठीक. आता दोन फोटोंबद्दल विचारतो, सरळ उत्तर दे.

एक, नदीकाठच्या वाळूचा. खाली एक लांब सावली पडलीय. सावलीच्या डोक्यावर टोपी आहे. म्हणजे कॅमेरा पुरुषाच्या हातात होता. कोणाच्या?

दोन, तुझ्या टेबलाचा. चवळीच्या दोन बशा, दोन चमचे. दुसरी कोणाची?

मी चिडलेलो नाही, नुसतं विचारतोय.

इथलं काय सांगू? कॉलेज सोडून आल्याबद्दल काका रोज एक टोमणा मारतात आणि मग काम सांगतात. परवा एक बाई सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. जुळी होती, बरोबरचा भाऊ गेला. आता घरात जोडीचा फोटो हवा. काकांनी मुलीला आधी झग्यात बसवून फोटो काढला, मग भावाचे कपडे आणि टोपी घालून दुसरा. तिला म्हणाले, ‘‘गुडघे लांब ठेव, आता तू मुलगा आहेस.’’ मग एका कागदावर दोन्ही छापायचे, अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून आधी एक, मग दुसरा. हे काम माझ्याकडे आलं. पुठ्ठा जरासा हलला आणि मधोमध पांढरी रेघ उमटली. काका म्हणाले, ‘‘गाढवा, बहीण-भावांच्या मधे भिंत बांधलीस.’’

तुझं वर्ष संपलं की माझे लोक कोनफळांचे भारे घेऊन इकिरुनला तुझ्या आईकडे मागणी घालायला येतील. तिला लिहिलंस का?

तुझाच,
लादिपो


नुमान
३ नोव्हेंबर १९७८

लादिपो,

सेवेच्या वर्षात सरकार आम्हाला खाकी पँट, खाकी शर्ट आणि खाकी टोपी देतं. ती टोपी उन्हात डोक्यावर घालतात. तेव्हा पाठीमागून ऊन आलं की सावलीच्याही डोक्यावर टोपी येते. शहाण्या, ती सावली माझी आहे. नाचाच्या कार्यक्रमात त्या पोरानं माझा हात धरला म्हणून तू त्याचं नाक फोडलंस, माफी मागायला सांगितली तर पेटी उचलून कॉलेज सोडलंस. तेव्हा निदान समोर माणूस तरी होता. आता माझ्या सावलीचं नाक फोडणार का?

दुसऱ्या बशीचं म्हणशील तर मला भूक लागते.

आईला लिहिलं. ती नाही म्हणाली नाही. पण तिची एक अट आहे, माझे लोक तुझ्या लोकांना भेटायच्या आधी ती पुरी व्हायला हवी. ती तोंडानं सांगायची नाही, आणि शाईनं तर नाहीच. आमच्या घरचा तसा नियम आहे. म्हणून मी ती तुला फिल्मवर पाठवीन. तू फोटोवाल्याच्या घरचा, तुला कळेल. काकांना यातलं काही सांगू नकोस, मला तुला स्वतःला कळायला हवंय.

त्या टोपी घातलेल्या मुलीचं पुढे काय झालं? टोपीत ती कशी दिसत होती? ते तू लिहिलंच नाहीस. सावलीबद्दल मात्र अर्धं पान.

सोबत दुसरा रोल. शेवटचे दोन बिट्रसनं काढलेत, मी नाही.

अशाबी


ओगबोमोशो
२५ नोव्हेंबर १९७८

अशाबी,

सावलीबद्दल माझं चुकलं. काकांना विचारलं, ते म्हणाले सावलीवरून बाई-पुरुष ओळखणारा तू पहिलाच. बरं, झालं.

पण बिट्रस कोण?

त्यानं काढलेल्या फोटोत तू नावेच्या टोकाला बसलीयस आणि हसतेयस. तोंडाच्या एका बाजूनं. ते हसू मला माहीत आहे, कॉलेजच्या फाटकाशी मी उशिरा आलो की तू तसं हसायचीस. आता ते तू कॅमेऱ्याकडे बघून हसलीस, आणि कॅमेऱ्यामागे बिट्रस. माझ्या कॅमेऱ्याच्या भोकाला त्यानं डोळा लावला. ही प्रिंट तुला पाठवत नाहीये. मी ठेवून घेतलीय. आता त्या हसण्याकडे त्याच्याऐवजी मी बघतो.

बाकीचे फोटो बघून तरी मन रमेल म्हटलं. मडकी भाजणाऱ्या बायका, मासे वाळत घातलेली दोरी, दवाखान्याच्या भिंतीला टेकवलेला लाकडी पाय. तो पाय कोणाचा ते तू लिहीत नाहीस, माझ्या डोक्यात तोच फिरतोय. छान चाललं होतं. मग तुझ्या खोलीचं दार आलं. उंबऱ्याशी चपला. टायरच्या तळाच्या, पुरुषी, नव्या कोऱ्या. आणि पुढच्याच फोटोत खिडकीत दोन कप, दोन्हींतून वाफ येतेय.

वाफ येतेय, अशाबी. म्हणजे माणूस आत बसलेला होता.

नवीन चपला म्हणजे तो नुकताच यायला लागलाय, की तूच घेऊन दिल्यास?

त्या मुलीचं कशाला मधे आणतेस? रडत होती. काकांनी विचारलं का रडतेस, तर म्हणाली टोपीला त्याच्या डोक्याचा वास येतो. कशी दिसत होती म्हणशील, तर त्याच्यासारखी. तिची आई दाराला धरून उभी होती, तिनं मुलीला त्याच्या नावानं हाक मारली आणि मुलीनं ओ दिली. मला तिथे थांबवेना. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर हे नव्हे.

लादिपो


नुमान
२० डिसेंबर १९७८

लादिपो,

बिट्रस मास्तर आमच्या शाळेत गणित शिकवतात. पुढचे दोन दात नाहीत. मोठा नातू माझ्या वर्गात आहे आणि आजोबांसारखाच बेरजेत हातचा विसरतो. मी नुसतं नाव लिहिलं, मास्तर लिहायला विसरले, तर तू त्यांना माझ्या खिडकीत चहा पाजलास. फोटो काढताना ते म्हणाले, ‘‘पोरी, डोळा कुठला मिटायचा?’’ त्याचं मला हसू आलं होतं. माझी प्रिंट परत पाठव.

लाकडी पाय सोमा कोळ्याचा आहे. तो पाण्यात जाताना पाय काठावर काढून ठेवतो.

आता चपला. होय, त्या मीच विकत घेतल्या, बाजारात अर्धा दिवस घासाघीस करून. त्यांचा मालक तुला भेटेल. भेटला की त्याच्यापुढे लांब लोटांगण घालावं लागेल, आत्तापासून सराव कर. आणि त्याच्यावर तुझ्या आधीपासून माझं प्रेम आहे, हेही ऐकून ठेव. त्याला उठवून तुला त्याची जागा मिळायची नाही. शेजारी मिळाली तर बघ.

लिहिताना मला हसू येतंय आणि थोडं रडूही येतंय. तुला एवढं लिहिल्यावर तरी कळायला हवं. दोन बशा, दोन कप, चवळी. तू कुठल्या मुलखातला आहेस रे?

सोबतचा रोल म्हणजे आईची अट. त्यात वाटेतल्या गमती फारशा नाहीत. शेवटच्या चौकटी महत्त्वाच्या. त्या सगळ्या छाप, एकही गाळू नकोस. आणि माझी एक इच्छा आहे. कागद औषधाच्या ट्रेमध्ये टाकलास की डोळे हलवू नकोस. चेहरा वर येईल, त्याच्याकडे बघत राहा. त्या क्षणी तुझं तोंड कसं झालं ते मला लिहून कळव. मी तिथे नसणार ना.

अशाबी


ओगबोमोशो
२८ जानेवारी १९७९

अशाबी,

तुझा रोल धुतला. इथे धुळीचा वारा सुटलाय, ओल्या फिल्मला धूळ चिकटते, म्हणून क्लिपला लावल्या लावल्या मी ती दिव्यासमोर धरली.

छापायची गरज पडली नाही. निगेटिव्हमध्येच सगळं दिसलं.

तुझी खोली. तुझी भिंत, तिच्यावर ते कॅलेंडर. तुझी वेताची खुर्ची. एका चौकटीत खुर्चीत तू, निळीच्या कपड्याचं लुगडं नेसून, डोक्याला फडकं गुंडाळून, हात मांडीवर. पुढच्या चौकटीत त्याच खुर्चीत तो. गुडघे लांब, हात गुडघ्यांवर, अंगात पुरुषांचा ढगळ झगा, टोपी एका कानावर कललेली. पायात त्या चपला.

म्हणजे आळीपाळीनं बसलात. त्यानं तुझा काढला, तू त्याचा.

निगेटिव्हमध्ये आपण सगळेच भुतासारखे पांढरे दिसतो, डोळ्यांच्या जागी काळं. तरी त्याचं हसू मला कळलं. ओठांच्या एका बाजूनं हसतो, माझं सगळं त्याला माहीत असल्यासारखा. असा चेहरा मला जन्मात आवडला नसता. याच्यापुढे मी लोटांगण घालायचं? याच्या शेजारी जागा मागायची? आणि हे तू मला छापायला सांगतेस, वर माझं तोंड कसं झालं ते कळवायचं. तुझ्याइतकं दुष्ट माणूस मी पाहिलं नाही.

माझं तोंड कसं झालं ते राहू दे. त्याचं कसं झालं ते बघ. काकांची डाग काढायची सुई घेतली आणि त्याचा चेहरा खरवडून काढला. आधी ते हसू, मग डोळे, मग नाक. फिल्मवर आता टोपीखाली काच आहे नुसती. छापलं तर काळा खड्डा येईल.

त्याची चौकट सोबत पाठवतोय. तुझी मी कापून ठेवून घेतली. बिट्रसनं काढलेल्या प्रिंटबरोबर उशीखाली आहे. ती देणार नाही.

आईची अट कळली. लेकीसाठी दुसरा मुलगा बघितलाय, एवढंच ना? ते तोंडानं सांगायची लाज वाटणारच. माझे लोक इकिरुनला येणार नाहीत.

लादिपो


ओगबोमोशो
४ मार्च १९७९

अशाबी,

उत्तर नाही. पोस्टमननं मला बघून रस्ता बदलायला सुरुवात केलीय.

तू गप्प बसलीस म्हणून मी इकिरुनला गेलो. होय, तुझ्या आईकडे. तिच्या तोंडावर विचारायला की तुमच्या लेकीच्या खोलीत माणूस बसतो हे तुम्हाला माहीत आहे का.

ती अंगणात चवळी निवडत होती. मी नमस्कार केला, बसलो, आणि सगळं बोलून टाकलं. म्हणालो, ‘‘आई, तिच्या खोलीत एक पुरुष आहे. तिच्या खुर्चीत बसतो. फोटो माझ्याकडे आलाय.’’

तिचे हात थांबले. म्हणाली, ‘‘आला? फोटो आला?’’

‘‘आला. मी डोळ्यांनी पाहिला.’’

मला वाटलं आता सूप फेकून मारेल. तर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याजवळ सरकली. ‘‘कसा दिसतो रे?’’

मी म्हटलं, ‘‘माजोरडा दिसतो.’’

‘‘ते असू दे. अंगानं कसा आहे? भरलाय की बारीक?’’

‘‘झगा ढगळ आहे, मला काय कळणार.’’

‘‘टोपी कुठल्या बाजूला कललीय?’’

‘‘डाव्या कानावर.’’

‘‘आणि हसतो का?’’

‘‘हसतो. तोंडाच्या एका बाजूनं.’’

अशाबी, तुझी आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. मला पुनःपुन्हा विचारत राहिली, बसतो कसा, हात कुठे ठेवतो, चपला त्याला बरोबर बसतात का. मी रागारागानं सगळं सांगत गेलो आणि ती एखाद्या मेजवानीला बसल्यासारखी ऐकत गेली. मग आत जाऊन मला चवळी वाढून आणली. मी खाल्ली नाही. तिनं आग्रहही केला नाही. शेजारी दुसरी बशी वाढून ठेवली होती, ती तिनं दाराच्या आत नेऊन ठेवली आणि म्हणाली, ‘‘त्यानं पण जेवायला हवं.’’

म्हणजे तोही तिथेच येऊन राहतो वाटतं. तुझ्या आईला तो माझ्याहून एवढा पसंत आहे, की त्याच्या टोपीची बाजू ऐकूनसुद्धा तिला रडू येतं. माझ्याबद्दल तिनं एक प्रश्न विचारला नाही.

निघताना म्हणाली, ‘‘फोटो लवकर आण हं.’’ फोटोचं काय केलं ते सांगायची मला हिंमत झाली नाही. का ते मला कळत नाही. मी तर भांडायलाच गेलो होतो.

तू काहीतरी लिही. शिव्या लिही.

लादिपो


नुमान
२२ मार्च १९७९

लादिपो,

शिव्या लिहिलेली पत्रं मी फाडून टाकली. हे शेवटचं लिहून बघते.

माझं नाव केहिंदे.

आता पुढचं तुला सांगायला लागू नये. आपल्याकडे जुळ्यांची नावं ठरलेलीच, केहिंदेच्या आधी ताइवो येतो. माझ्याही आधी आला होता, थोडाच आधी, जग कसंय ते चाखून बघायला. आम्ही सात वर्षांचे असताना त्याला गोवर झाला. मला पण झाला. मी उठले.

शेजारच्या म्हाताऱ्यांनी आईला सांगितलं, दुसरीला केहिंदे म्हणून हाक मारू नकोस, ते नाव ऐकलं की पहिला मागे वळतो आणि तिलाही बोलावतो. तेव्हापासून घरात मी अशाबी. शाळेच्या पटावर अशाबी, कॉलेजात अशाबी. त्याचं नाव तर कोणीच घेत नाही, आई तर नाहीच. पण ती आजही दोन बशा वाढते, आणि मीही. कॉलेजात मैत्रिणींनी बघू नये म्हणून झाकून ठेवायचे. तुझ्यापासून झाकली नाही. टेबलावर मांडून फोटो काढला आणि तुला पाठवला, कारण मला वाटलं दोन बशा चवळी, जुळ्यांचं जेवण, बघितल्यावर आपल्याकडचं शेंबडं पोरही विचारेल, ‘जुळी आहेस का गं?’ तू विचारलंस, कोण जेवत होतं.

आईची अट एवढीच होती. मला दुसऱ्या घरी देण्याआधी तिला भिंतीवर आम्ही दोघं हवे होतो. सात वर्षांची नको, आत्ताच्या वयाची. त्याच्यासाठी झगा मी इथल्या शिंप्याकडे शिवला. टोपी घेतली. तू सात वेळा विचारलंस त्या चपला घेतल्या. आणि टोपी नीट बसावी म्हणून केस कापले, डोक्याला फडकं का होतं ते आता कळलं असेल. बिट्रस मास्तरांनी दोन्ही फोटो काढले. दुसऱ्या वेळी मी खुर्चीत बसले, गुडघे लांब ठेवले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘पोरी, आता तू तू नाहीस.’’ मला ते तुला सांगायचं होतं.

मला वाटलं होतं, तो चेहरा ट्रेमध्ये वर येईल आणि तू ओळखशील. झगा असो, टोपी असो, तू म्हणशील ही तर माझी अशाबी, आणि मग तुला पुढचं सगळं आपोआप कळेल. मला तोंडानं सांगावं लागणार नाही. तू छापलंच नाहीस.

जो चेहरा तू उशीखाली ठेवलास आणि जो सुईनं खरवडलास, तो एकच आहे. तुला जे हसू जन्मात आवडलं नसतं ते कॉलेजच्या फाटकाशी तुला आवडायचं. आता मला कळत नाही की तुझं प्रेम नेमकं कशावर होतं. लुगड्यावर का?

तुझी पट्टी तुला परत पाठवणार होते, नुसती, पत्राशिवाय. पण आईचं पत्र आलं. तिनं कुणाकडून तरी लिहून घेतलंय, ‘एक रागीट मुलगा आला होता. त्यानं मला त्याच्याबद्दल सगळं सांगितलं. टोपी डावीकडे घालतो म्हणे.’ इतक्या वर्षांत तिच्याशी ताइवोबद्दल कोणी एवढं बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. ते तू केलंस, रागानं का होईना. त्या एका गोष्टीपायी हे पत्र लिहितेय, त्याच्या पलीकडे काही समजू नकोस.

ईस्टरला मी इकिरुनला जातेय. काकांना विचार, मोठा कॅमेरा घेऊन येतील का. फोटो काका काढतील. तुझं तू बघ.

केहिंदे


ओगबोमोशो
२९ एप्रिल १९७९

केहिंदे,

हे नाव पहिल्यांदा लिहितोय. कोणी मागे वळलं तर वळू दे.

ईस्टरला काय झालं ते तू पाहिलंस, ते परत सांगत नाही. काका कॅमेऱ्याशी गेले आणि म्हणाले, डोळ्यात काहीतरी गेलंय, तू काढ. त्यांच्या डोळ्यात काही नव्हतं. वाटेत बसमध्ये त्यांना मी सगळं सांगितलं होतं आणि त्यांनी बसमधल्या सगळ्यांसमोर माझ्या डोक्यात टपली मारली होती.

लुगड्यातला तुझा फोटो काढून झाला, मग तू आतून झगा घालून आलीस. टोपी डावीकडे. मी कोपरांपर्यंत धुळीत लोटांगण घातलं आणि तुझी आई म्हणाली, ‘‘ऊठ रे, तो रागीट नाही. रागीट तू आहेस.’’ तू हसली नाहीस. तिथपर्यंत तुलाही माहीत आहे.

तुला माहीत नाही ते काळ्या कापडाखालचं. मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. तिथे तू उलटी बसली होतीस, टायरच्या चपला आभाळात. तशा उलट्या चेहऱ्यात मी तुला शोधत होतो, आणि तू मला सापडत नव्हतीस. टोपीखाली दुसराच कोणीतरी होता, मला ओळखत नसलेला. म्हणून मी म्हटलं, ‘‘दादा, इकडे बघा.’’ तेव्हा तो एका बाजूनं हसला. दादा म्हटल्याबद्दल हसला, की माझा आवाज फुटला म्हणून, ते तूच त्याला विचार.

डिसेंबरात तू मागितलेलं उत्तर आता देतो. कागद ट्रेमध्ये टाकला. डोळे हलवले नाहीत. आधी खुर्ची आली, मग टोपी, मग डोळे. हसू सगळ्यात शेवटी आलं. तांबड्या दिव्यात माझं तोंड कोणाला दिसत नव्हतं, पण काका बाहेरून म्हणाले, ‘‘आत काय मांजर कोंडलंय का?’’ एवढं समज.

मग जोडीची प्रिंट. पुठ्ठा या वेळी मी श्वास रोखून धरला. अर्धा कागद झाकून तू, मग दुसरा अर्धा झाकून तो. किती कागद वाया गेले ते काकांनी विचारलं नाही. शेवटचा वाळला तेव्हा त्यांनी भिंग लावून बघितला, बराच वेळ. म्हणाले, ‘‘जोड कुठाय?’’ त्यांना सापडला नाही. माझ्या हातून पहिल्यांदा भिंत बांधली गेली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला पण. मग फोटो समोर ठेवून बसलो आणि मला परत तेच झालं. खोटं कशाला लिहू? तुमच्या खुर्च्या एकमेकींना चिकटल्यात. तुमचे गुडघे लागलेत. तुम्ही एकाच बाजूनं हसता, एकाच गोष्टीला, आणि ती गोष्ट मला माहीत नाही. तो तुझ्याबरोबर तेव्हापासून आहे जेव्हा तुला नाव पण नव्हतं. मी त्याला खरवडून काढला तर तो परत आला, आणि मीच त्याला माझ्या हातानं तुझ्याशेजारी असा बसवला की मधे सुई जाणार नाही. मेलेल्या मुलाचा मत्सर करणारा माणूस बरा नव्हे, हे मला कळतं. तरी रात्रंदिवस एकच डोक्यात येतं. तुम्ही दोघं अशी बसलात तर मी कुठे बसू?

प्रिंट सोबत आहे. आईची प्रत काका स्वतः इकिरुनला नेऊन देतील. बिट्रस मास्तरांनी काढलेली नावेतली प्रिंट आणि उशीखालची निगेटिव्ह, दोन्ही परत पाठवतोय. त्या तुझ्या आहेत.

लादिपो


नुमान
२१ मे १९७९

लादिपो,

फोटो बिट्रस मास्तरांना दाखवला. ते म्हणाले, ‘‘दोघांमध्ये मोठा कोण?’’ मी म्हटलं, ‘‘मी. आमच्याकडे मागून येणारा मोठा. त्यानं पुढच्याला बघून यायला पाठवलेलं असतं.’’ त्यांना हिशेब पटला नाही.

आईनं तिची प्रत दारासमोरच्या भिंतीवर लावलीय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, हा माझा ताइवो, ही केहिंदे. दोन्ही नावं, मोठ्यानं. अजून कोणी मला बोलावलेलं नाही.

तुझ्या लोकांना म्हणावं, पाऊस उघडला की या. कोनफळांचा एक भारा जास्त आणा, घरात मुलगा आहे.

आणि काकांना म्हणावं चष्मा बदला. मी फोटो खिडकीत उन्हाला धरून बघितला. जोड दिसतो. खाली, त्याच्या चपलेच्या आणि माझ्या खुर्चीच्या पायाच्या मधे, केसाएवढी पांढरी फट राहिलीय.

तिथे बस.

केहिंदे